गाडी स्वतःच मदत मागते तेव्हा

“अपघात झालाय, लवकर ॲम्ब्युलन्स पाठवा.”

“कुठे?”

“एक्स्प्रेसवेवर. खोपोली सोडल्यावर थोडं पुढे.”

“मुंबई लेन की पुणे लेन? किलोमीटर किती?”

अशा फोनवरचं बोलणं इथे येऊन अडखळतं. फोन करणारा घाबरलेला असतो, अंधार असतो, बाजूने ट्रक सुसाट जात असतात आणि आपण नेमके कुठे उभे आहोत हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसतं. तरी इथे फोन करणारा कोणीतरी आहे. गाडीतले सगळे बेशुद्ध असतील आणि रस्ता आडवाटेचा असेल तर तेवढाही आधार नाही. ताम्हिणी, वरंधा किंवा आंबोलीसारख्या घाटात रात्री गाडी कठडा तोडून दरीत गेली आणि मागून येणाऱ्या कोणी ते पाहिलं नाही, तर घरची माणसं ‘अजून पोहोचले कसे नाहीत’ म्हणून पोलीस ठाणं गाठेपर्यंत शोधच सुरू होत नाही.

अपघात झाल्याचं कळवणं आणि जागा सांगणं, ही दोन्ही कामं माणसाऐवजी गाडीनेच करायची, अशी यंत्रणा जगात अस्तित्वात आहे. युरोपात ती कायद्याने सक्तीची आहे. आपल्याकडे तिचे तुकडे आले आहेत, पण ते अजून नीट जोडले गेलेले नाहीत. ही यंत्रणा चालते कशी, ती कुठे कमी पडते आणि आपल्या हातात आज काय आहे, ते समजून घेण्यासारखं आहे. २०२२ या एका वर्षात भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसं गेली. जागच्या जागी गेलेल्यांना कुठलीही यंत्रणा परत आणू शकत नाही. पण रक्तस्राव होत असलेला, श्वासनलिका अडकलेला किंवा पत्र्यात चेंगरलेला माणूस वाचेल की नाही, हे मदत किती मिनिटांत पोहोचते यावर ठरतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली तेव्हा ‘गोल्डन अवर’ची व्याख्याच कायद्यात आली: गंभीर इजा झाल्यानंतरचा पहिला तास.

खड्डा कोणता आणि टक्कर कोणती?

गाडीला पहिला प्रश्न सोडवायचा असतो तो हा. आपल्या रस्त्यांवर तर तो फारच खरा आहे. भरधाव गाडी खड्ड्यात आदळली की बसलेला धक्का कमी नसतो. मग गाडीने प्रत्येक खड्ड्यागणिक ॲम्ब्युलन्स का बोलवू नये?

याचं उत्तर एअरबॅगच्या नियंत्रकात आहे. त्यात त्वरण मोजणारा सेन्सर असतो: सिलिकॉनच्या चिपमध्ये सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला एक इवलासा भार. गाडी झटक्यात थांबली की हा भार थोडासा सरकतो आणि त्या सरकण्यावरून धक्का मोजला जातो.

हिशेब करून पाहू. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १४ मीटर. करकचून ब्रेक दाबला तर या वेगातली गाडी थांबायला दोनेक सेकंद घेते. तेव्हा आपल्याला पुढे ढकलणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या पाऊण पटीच्या आसपास असतो. तीच गाडी त्याच वेगात भिंतीवर आदळली तर सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात थांबते. आता हा जोर सरासरी १४ पट होतो आणि एखाद्या क्षणी त्याहून बराच वर जातो. खड्ड्यातला धक्काही क्षणभर मोठा दिसू शकतो, पण तो मुख्यतः वर-खाली असतो, काही मिलिसेकंदांत संपतो आणि मुख्य म्हणजे गाडीचा पुढे जाण्याचा वेग त्याने फारसा कमी होत नाही. म्हणून नियंत्रक धक्का किती जोराचा एवढंच बघत नाही. धक्का किती वेळ टिकला आणि त्यात गाडीचा एकूण वेग किती घटला, याची तो बेरीज करत राहतो. ही बेरीज ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की टक्कर झाली असं धरायचं. हा निर्णय साधारण १५ ते ३० मिलिसेकंदांत होतो. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

एअरबॅग उघडण्याचा हा हुकूम निघतो, तोच हुकूम मदत मागणाऱ्या पेटीलाही जातो. मला ही रचना आवडते, कारण तिच्यासाठी नवीन काही शोधावं लागलं नाही. ‘टक्कर झाली का’ या प्रश्नाचं भरवशाचं उत्तर गाडीत आधीपासूनच होतं. ते बाहेर पोहोचवायचं तेवढं राहिलं होतं. ते पोहोचावं म्हणून या पेटीला वेगळी छोटी बॅटरी देतात. समोरून टक्कर झाली की बॉनेटखालची मोठी बॅटरी सगळ्यात आधी चिरडली जाऊ शकते.

एका एसएमएसएवढी माहिती

युरोपातल्या यंत्रणेचं नाव ई-कॉल. ३१ मार्च २०१८ पासून युरोपीय संघात मान्यता घेणाऱ्या प्रत्येक नव्या मॉडेलच्या कारमध्ये आणि हलक्या व्हॅनमध्ये ती असलीच पाहिजे. जुन्या गाड्यांना सक्ती नाही, त्यामुळे तिथेही सगळ्या गाड्यांत ती यायला वर्षं लागणार आहेत.

टक्कर झाली की पेटी आपोआप ११२ या आपत्कालीन नंबरला फोन लावते. त्या फोनवरून आधी फक्त १४० बाइटची माहिती जाते. आपल्या एका साध्या एसएमएसची मर्यादाही नेमकी १४० बाइटच आहे. एवढ्याशा जागेत काय बसवायचं, यावर तिथल्या लोकांनी खूप विचार केलेला दिसतो. फोन आपोआप लागला की कोणी बटण दाबून लावला, टक्कर किती वाजता झाली, गाडी कुठे आहे, तिचं तोंड कोणत्या दिशेला आहे आणि चासी नंबर काय, हे सगळं त्यात असतं. किती सीटबेल्ट लावलेले होते तेही पाठवता येतं, म्हणजे आत किती माणसं असतील याचा अंदाज येतो. गाडी पेट्रोलची, डिझेलची, गॅसची की बॅटरीची, हेही असतं.

ही शेवटची नोंद पहिल्यांदा किरकोळ वाटते. पण चेपलेला दरवाजा कापायला कटर घेऊन उभ्या असलेल्या अग्निशमन जवानाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. गाडीत सीएनजीची टाकी आहे का? उच्च दाबाची वायर कुठून गेली आहे? चासी नंबरवरून मॉडेल कळतं आणि मॉडेलवरून त्या गाडीचा नकाशा काढता येतो: इथे कापा, इथे अजिबात कापू नका. मुंबई-पुण्याकडे रस्त्यावर सीएनजी गाड्या किती आहेत हे पाहिलं, तर ही माहिती आपल्यालाही किती लागेल ते वेगळं सांगायला नको.

ही माहिती जाते कशी, तेही पाहण्यासारखं आहे. इंटरनेटने जात नाही. फोनवर आपण जिथून बोलतो त्याच आवाजाच्या मार्गाने, जुन्या फॅक्स मशीनसारख्या किरकिरत्या स्वरांत ती पाठवली जाते आणि पलीकडचा संगणक त्या स्वरांतून ती पुन्हा उलगडतो. हे सगळं काही सेकंदांत होतं. इतकी जुनी पद्धत निवडायला सबळ कारण होतं. इंटरनेटला डेटा लागतो, रोमिंग लागतं, सिम चालू लागतं. ११२ चा फोन मात्र उपलब्ध असेल त्या कुठल्याही कंपनीच्या नेटवर्कवरून लागतो आणि त्याला आधी वाट मिळते. डोंगराळ भागातही काही नाही तर साधा आवाजाचा फोन बहुधा लागतोच, या भरवशावर ही रचना उभी आहे.

माहिती पोहोचल्याची पोच आली की तोच फोन बोलण्यासाठी खुला होतो. पलीकडून आवाज येतो: ऐकू येतंय का? किती जण आहात? कोणी अडकलंय का? उत्तर आलं तर उत्तम. नाही आलं तर ती शांततासुद्धा माहितीच असते आणि पथक त्या तयारीने निघतं. फोन तुटला तर नियंत्रण कक्षातून उलट फोन करता येतो, त्यासाठी पेटी पुढचा तासभर नेटवर्कवर जागी राहते.

गोपनीयतेचा मुद्दाही तिथे आधीच सोडवलेला आहे. टक्कर होईपर्यंत ही पेटी नेटवर्कच्या दृष्टीने झोपलेली असते. तुम्ही रोज कुठे जाता याचा माग ती कोणाला देत नाही. स्वतःपाशी फक्त शेवटची काही ठिकाणं ठेवते आणि जुनी पुसत जाते.

उजवीकडे की डावीकडे

ती शेवटची ठिकाणं कशासाठी? हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडं थांबून सांगते.

आपल्याला वाटतं, जीपीएस आहे म्हणजे जागा कळली. खुल्या आकाशाखाली जीपीएसची चूक पाचेक मीटरची असते. डोंगराच्या कुशीत, उंच इमारतींमध्ये किंवा घनदाट झाडीखाली उपग्रहाचे संदेश कड्यांवर, भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतात आणि चूक वाढते. बोगद्यात तर आकाशच दिसत नाही. गावातल्या रस्त्यावर दहा मीटर इकडे-तिकडे झाले तरी बिघडत नाही, गाडी दिसतेच. पण दुभाजक असलेल्या द्रुतगती मार्गावर दहा मीटरची चूक म्हणजे समोरची लेन.

आणि समोरच्या लेनवर पोहोचलेली ॲम्ब्युलन्स जखमी माणूस डोळ्यांना दिसत असूनही वळू शकत नाही. नागपूर ते मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि त्यावर इंटरचेंज पंचवीसच्या आसपास. म्हणजे चुकीच्या बाजूने चढलेल्या गाडीला वळण्यासाठी वीस-पंचवीस किलोमीटर पुढे जायचं आणि तेवढंच परत यायचं, असं होऊ शकतं. गोल्डन अवरचा मोठा तुकडा इथेच संपला.

म्हणून ई-कॉल एकच बिंदू पाठवून थांबत नाही. टक्कर होण्याआधीची दोन ठिकाणं आणि दिशाही पाठवता येते. टक्कर झाल्यावर गाडी गरगर फिरून उलट तोंडाने उभी राहिलेली असू शकते, पण आधीचे बिंदू जोडले की ती कुठून कुठे चालली होती हे स्पष्ट होतं. पुण्याहून मुंबईकडे जात होती? मग मुंबई लेन. फोनवरच्या घाबरलेल्या माणसाला जे सांगता येत नव्हतं, ते दोन-तीन आकड्यांत सांगून झालं.

इतर देश आणि नेटवर्कची अडचण

या वाटेवर युरोप पहिला नव्हता. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९९६ सालीच ऑनस्टार सुरू केलं. त्यात फोन आधी कंपनीच्या कॉल सेंटरला जातो आणि तिथून पोलिसांना, आणि सेवेसाठी वर्गणी भरावी लागत असे. रशियाने स्वतःच्या ग्लोनास उपग्रहांवर एरा-ग्लोनास उभारलं. जपानमध्ये टकरीच्या माहितीवरून इजा किती गंभीर असेल याचा अंदाज बांधून डॉक्टरांचं हेलिकॉप्टर पाठवायचं की नाही हे ठरवण्यापर्यंत मजल गेली आहे.

युरोपाची अडचण वेगळीच निघाली. जुना टूजी-थ्रीजी आवाजाचा मार्ग भरवशाचा म्हणून निवडला, आणि आता मोबाइल कंपन्या तेच नेटवर्क एकेक करून बंद करत आहेत. गाडी पंधरा-वीस वर्षं चालते, नेटवर्कच्या पिढ्या त्याआधीच बदलतात. म्हणून २०२६ पासून युरोपातल्या नव्या मॉडेलना फोरजी-फाइव्हजीवर चालणारा नवा ई-कॉल लावला आहे. आधी विकल्या गेलेल्या गाड्यांचं काय, हा प्रश्न तिथे उरतोच. आपण अशी यंत्रणा आणू तेव्हा हे लक्षात ठेवायला हवं.

आपल्याकडे काय आहे

भारतात सार्वजनिक प्रवासी वाहनांसाठी एआयएस-१४० नावाचं मानक आहे. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या बस, टॅक्सी अशा वाहनांत जागा कळवणारं यंत्र आणि प्रवाशांसाठी लाल पॅनिक बटण हवं. दुचाकी, रिक्षा, ई-रिक्षा यांना सूट आहे. यंत्रात पक्कं बसवलेलं सिम असतं आणि आपल्या नाविक उपग्रहांचाही आधार घेतलेला आहे. ही व्यवस्था मुख्यतः महिलांच्या आणि प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी आखली गेली. ई-कॉल टकरीपर्यंत झोपून राहतो. आपलं यंत्र गाडीची जागा सतत कळवत राहतं, पण मदत मागायला सहसा माणसालाच बटण दाबावं लागतं. बेशुद्ध माणूस ते दाबू शकत नाही. आणि दाबलंच, तर तो संदेश कुठल्या पडद्यावर उमटतो आणि त्या पडद्यासमोर कोण बसलंय, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

हीच यंत्रणेची दुसरी आणि जास्त अवघड बाजू. पेटी बसवणं हे पैशांचं काम आहे. ऐकणारी खोली उभी करणं हे माणसांचं, सरावाचं आणि समन्वयाचं काम आहे. महाराष्ट्रात ११२ चे कक्ष नवी मुंबई आणि नागपूरला आहेत. ॲम्ब्युलन्ससाठी २०१४ पासून १०८ आहे. राष्ट्रीय महामार्गांवर १०३३. प्रत्येकाचं काम खरं आहे, पण टक्कर झाली की पोलीस, ॲम्ब्युलन्स, क्रेन आणि अग्निशमन दल हे सगळेच एकदम लागतात. गाडीतून निघालेला एकच संदेश या सगळ्यांच्या पडद्यावर एकाच क्षणी, एकाच नमुन्यात उमटला पाहिजे. युरोपाचं खरं यश मला या गोष्टीत दिसतं: कोणत्याही कंपनीची गाडी असो, कोणत्याही देशातलं केंद्र असो, ते १४० बाइट सगळीकडे सारखेच वाचले जातात.

या यंत्रणेकडून काय होणार नाही, तेही मान्य करायला हवं. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस उलटून पेटली आणि २५ जणांचा मृत्यू झाला. जिथे आग काही मिनिटांत सगळं गिळते, तिथे संदेश कितीही लवकर गेला तरी ॲम्ब्युलन्स वेळेत पोहोचत नाही. तिथे आपत्कालीन दरवाजा, काच फोडायची हातोडी आणि न पेटणारं साहित्य हेच कामाचं.

खिशातला फोन, आणि दुचाकी

गाडीत पेटी नसेल तरी खिशात सेन्सर आहेच. गूगलने पिक्सेल फोनमध्ये २०१९ साली टक्कर ओळखण्याची सोय आणली, ॲपलने २०२२ साली आयफोन १४ मध्ये. फोनला हे काम गाडीपेक्षा अवघड जातं, कारण फोन नुसता हातातून फरशीवर पडला तरी क्षणभर प्रचंड धक्का बसतो. म्हणून तो इतर खुणा जुळवून बघतो. आधी वेग होता का, तो अचानक शून्य झाला का, माइकवर मोठा आवाज आला का, एअरबॅग उघडल्याने बंद गाडीतला हवेचा दाब बदलला का? शंका पक्की झाली की तो मोठ्याने वाजतो, आणि ठरलेल्या वेळात (आयफोनमध्ये साधारण २० सेकंदांत) कोणी थांबवलं नाही तर आपत्कालीन नंबर लावतो. सुरुवातीला अमेरिकेत रोलर कोस्टरमध्ये बसलेल्यांचे आणि कोलोरॅडोत बर्फावर घसरणाऱ्यांचे फोन परस्पर मदत मागायला लागले आणि तिथल्या नियंत्रण कक्षांना त्याचा त्रास झाला. खोटे इशारे ही फक्त गैरसोय नाही. त्या वेळी खरा फोन रांगेत थांबलेला असतो.

आपल्याकडचा सगळ्यात मोठा पेच मात्र दुचाकीचा. २०२२ मध्ये रस्त्यावर गेलेल्यांत ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. ई-कॉलची सक्ती दुचाकीला नाही, आणि ॲपलची सोयही चारचाकी गाड्या डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली आहे. कारण समजण्यासारखं आहे. दुचाकी स्टँडवरूनही पडते, चिखलात घसरून अलगद पडते, आणि खऱ्या टकरीत माणूस एकीकडे आणि गाडी दुसरीकडे फेकली जाते. मोटारसायकलवर पेटी बसवली तर ती गाडीची जागा सांगेल, माणसाची नाही. काही कंपन्यांच्या महागड्या मोटारसायकलींवर अशी सोय आली आहे. पण आपल्याकडे शेतावर, कारखान्यात, शाळेत रोज जाणाऱ्याच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीपर्यंत स्वस्त आणि विश्वासार्ह सोय पोहोचवणं हे इथल्याच अभियंत्यांचं काम आहे. युरोपातून ते आयतं येणार नाही. तोवर फोन हँडलवर न लावता जॅकेटच्या चेनच्या खिशात ठेवावा, म्हणजे निदान तो माणसासोबत राहील. लॉक स्क्रीनवरून दिसणाऱ्या आपत्कालीन माहितीत रक्तगट, ॲलर्जी आणि घरच्यांचा नंबर भरून ठेवावा. ती भरायला पाच मिनिटं लागतात.

अपघात दिसला आणि फोन करावा लागला तर रस्ता, दिशा आणि किलोमीटर, याच क्रमाने सांगा. महामार्गावर दर किलोमीटरला दगड असतो आणि मधे दर २०० मीटरला २, ४, ६, ८ असे आकडे लिहिलेले छोटे दगड असतात. मदत केल्याने आपण अडकू ही भीती अजून अनेकांच्या मनात आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही, आणि त्याखालच्या नियमांनुसार नाव-पत्ता सांगायची सक्तीही करता येत नाही.

२०१९ च्या आसपास ह्युंदाई, एमजी अशा कंपन्यांनी भारतात इंटरनेटशी जोडलेल्या गाड्या आणल्या. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत एअरबॅग उघडली की आपोआप फोन लावायची सोय असते. नवी गाडी घेताना शोरूममधल्या माणसाला सनरूफइतक्याच आवडीने हेही विचारावं: टक्कर झाल्यावर फोन थेट ११२ ला जातो की कंपनीच्या कॉल सेंटरला? ही सेवा किती वर्षं फुकट आहे आणि नंतर वर्गणी भरली नाही तर मदतीचा फोनही बंद होतो का? पेटीतलं सिम कोणत्या नेटवर्कचं आहे, आणि मुख्य बॅटरी तुटली तरी ती चालते का? जुनी गाडी घेत असाल तर आधीच्या मालकाच्या नावावरची सेवा आपल्या नावावर करून घ्यावी आणि आपत्कालीन संपर्काचे नंबर बदलावेत, नाहीतर टक्कर झाल्यावर कंपनी फोन करेल तो गाडी विकून मोकळ्या झालेल्या माणसाला.